आधी नमुना, मग नोंद

श्रोतेहो, सायखेडा हे निफाड तालुक्यातले गोदाकाठचे गाव. अलीकडे सायखेडा, पलीकडे चांदोरी, मधून गोदामाई. खाली थोड्या अंतरावर नांदूरमध्यमेश्वरचे धरण. जमीन काळी, कसदार. कांदा, ऊस, द्राक्ष, गहू, सारे पिकवणारी. पण नदीकाठच्या माणसाला नदीचे लेणेही मिळते आणि देणेही द्यावे लागते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी या दोन्ही गावांत शिरले, हे तुमच्यापैकी पुष्कळांच्या चांगले स्मरणात असेल.

पाणी ओसरल्यावर पंचनामा होतो. त्या वेळी शेतकऱ्याला पहिला प्रश्न काय विचारतात? "सातबारा आहे का?" दुसरा प्रश्न, "पिकाची नोंद आहे का?" रानात चिखलाखाली गेलेला कांदा साऱ्यांना डोळ्यांनी दिसत असतो. तरीसुद्धा कागदावरच्या रकान्यात तो नसला, तर मदतीच्या हिशेबात तो येणे कठीण होऊन बसते. म्हणजे शेतात पीक असणे ही एक गोष्ट, आणि कागदावर पीक असणे ही दुसरी. या दोन गोष्टींना जोडणारा जो पूल आहे, त्याचे नाव 'नमुना'. आजचे भाषण या नमुन्याच्या इतिहासाविषयी आहे.

हल्ली संगणकाच्या जगात एक विद्या फार महत्त्वाची मानली जाते. कोणतीही माहिती साठवण्यापूर्वी तिचा आराखडा एका ठरावीक, काटेकोर भाषेत लिहून काढायचा. कोणते रकाने, कोणत्या रकान्यात आकडा, कोणत्यात नाव, कोणता रिकामा चालेल आणि कोणता चालणार नाही. मग त्या एका आराखड्यावरून संगणकाने पुढचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, बराचसा आपणच लिहून काढायचा. आराखड्याला ते लोक 'स्कीमा' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक आहे. अर्थ आकार, रूप. हे ऐकून वाटेल की हे परक्या मुलखातले काहीतरी नवे प्रकरण आहे. पण मंडळी, आपल्या चावडीतल्या दप्तरात या विद्येचा संसार पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो कसा, ते क्रमाने पाहू.

शिवकालापासून सुरुवात करू. अण्णाजी दत्तो यांनी केलेल्या जमीनमोजणीत काठीचे माप ठरवून दिलेले होते: पाच हात आणि पाच मुठींची एक काठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. याच राजवटीत 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. राज्यकारभारातल्या फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश. वरवर पाहता ही भाषेची गोष्ट वाटते. पण कारभाराच्या दृष्टीने पाहिले तर त्यात मोठी दूरदृष्टी आहे. दहा ठिकाणचे दहा कारकून एका वस्तूला एकाच नावाने संबोधतील, तरच त्यांचे हिशेब एकत्र जुळतील. माप एक आणि नाव एक, या दोन खुंट्यांवाचून नमुन्याची दोरी ताणताच येत नाही.

पुढे पेशवाईत दप्तर वाढले. गावोगावचे कुलकर्णी मोडी लिपीत झाडे, ताळेबंद, लावणीपत्रके लिहीत. त्यांचे कसब वादातीत होते. परंतु गावोगावचे बिघे सारखे नव्हते, धाऱ्याच्या रीती सारख्या नव्हत्या. गावचा हिशेब गावच्या कुलकर्ण्याला उमगायचा. तो बाहेरच्या माणसाने वाचायचा म्हणजे कुलकर्ण्यालाच शेजारी बसवून घ्यावे लागे. ज्ञान कागदावर होते खरे, पण त्याची किल्ली माणसाच्या डोक्यात होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांच्या हाती हा मुलूख आला. त्यांना सारा वसूल करायचा होता, ही गोष्ट लपवून ठेवण्याचे कारण नाही. १८२७ च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनची मोजणी सुरू केली. त्याची कल्पना अशी की प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून खर्च वजा करायचा आणि निव्वळ नफ्याच्या हिश्श्याइतका सारा बसवायचा. पुस्तकात ही कल्पना सुंदर होती. पण उत्पन्नाचे आकडे आणणार कोण? हाताखालच्या लोकांनी आणलेले आकडे चुकीचे निघाले, काही जाणूनबुजून चुकवलेले निघाले. सारा भारी बसला. शेतकरी जमिनी टाकून गेले. ही योजना अखेर सोडून द्यावी लागली.

तेव्हा गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनियर पलटणीतला लेफ्टनंट, या दोघांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ मध्ये नव्याने काम आरंभले. पुढे १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी मिळून एक संयुक्त अहवाल लिहिला आणि साऱ्या मुंबई इलाख्याच्या मोजणीचे नियम कायम केले. १८४० नंतरच्या वर्षांत नाशिककडच्या सपाटीवरच्या तालुक्यांतही याच पद्धतीची मोजणी आली.

या पद्धतीचे मर्म काय? अधिकाऱ्याने शेतावर जाऊन "ही जमीन मला बरी वाटते" असे म्हणायचे नाही. आधी व्याख्या ठरवायची, मग शेतावर जायचे. मोजण्याची साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद चौरसाला गुंठा म्हणायचे. त्याचे चौरस फूट होतात १०८९. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, बरोबर एक एकर. शिक्षक मित्रांनी हा गुणाकार वर्गात फळ्यावर करून दाखवावा. साखळीची लांबी तेहतीसच का धरली, याचा उलगडा मुलांना आपोआप होईल.

जमिनीच्या प्रतीचेही तसेच. मातीच्या तीन जाती ठरवल्या. बारीक, एकसारख्या कणांची, काळी ते गडद तपकिरी माती पहिल्या जातीची. त्याहून जाडसर, बहुधा तांबूस माती दुसऱ्या जातीची. भरड, मुरमाड, भुसभुशीत माती तिसऱ्या जातीची. मग खोली पाहायची, हातांच्या मापाने. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असली तर ती सोळा आणे, म्हणजे पहिल्या वर्गाची. पुढे चौदा आणे, बारा आणे, दहा आणे, असे उतरत उतरत नववा वर्ग दोन आण्यांचा. यानंतर दोष पाहायचे. चुनखडी आहे का, रेती आहे का, उतार आहे का, पाणी साचते का, ओढ्याच्या लोंढ्याखाली जमीन जाते का. प्रत्येक दोषासाठी एक खूण ठरलेली, आणि प्रत्येक खुणेमागे जमीन एक वर्ग खाली.

उदाहरणच घ्या. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन, सोळा आणे. तिच्यात चुनखडी निघाली, एक खूण. जमीन झाली चौदा आणे. शिवाय पुराच्या लोंढ्याखाली येते, दुसरी खूण. झाली बारा आणे. हा हिशेब इंदापूरच्या कारकुनाने केला काय किंवा सायखेड्याच्या शिवारात दुसऱ्याने केला काय, उत्तर तेच यायला हवे. आणि कोणाला संशय आला तर वरिष्ठाने शेतात खड्डा खणून, हात लावून, खुणा मोजून तपासायचे. व्याख्या आधी असल्यामुळे तपासणी शक्य झाली. प्रिंगलच्या पद्धतीत निव्वळ नफ्याचा आकडा तपासायचा तर सारा हिशेब मुळापासून पुन्हा मांडावा लागे. इथे खोली तपासता येते, खुणा मोजता येतात. दोन पद्धतींत हा मोठा फरक.

आता कागदांकडे वळू. मोजणीनंतर १८७९ चा जमीन महसूल कायदा आला, १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला, आणि हळूहळू गावच्या दप्तराचे नमुने पक्के झाले. अँडरसन या अधिकाऱ्याची महसुली हिशेबाची पुस्तिका तलाठ्यांच्या पिढ्यान् पिढ्या हाताशी राहिली. महाराष्ट्र झाल्यावर १९६६ चा महसूल अधिनियम झाला आणि १९७१ मध्ये हक्कनोंदीचे नियम आले. गावच्या दप्तरात एक ते एकवीस असे गाव नमुने आहेत. त्यांतला पहिला आकारबंद: गावातली कोणती जमीन किती क्षेत्राची आणि तिचा आकार किती. सहावा म्हणजे फेरफाराची नोंदवही. सातवा हक्काचा. आठ-अ हा खातेदाराचा, म्हणजे एका माणसाच्या नावावर गावात एकूण कोणकोणत्या जमिनी आहेत त्याचा. बारावा पिकांचा. सातवा आणि बारावा एकाच कागदावर छापू लागले, म्हणून आपण त्याला सातबारा म्हणतो. पुष्कळांना वाटते की सातबारा हे एकाच नमुन्याचे नाव आहे. प्रत्यक्षात ती दोन नमुन्यांची जोडगोळी आहे.

या नमुन्यांची रचना नीट पाहिली म्हणजे मन थक्क होते. आठ-अ स्वतंत्रपणे लिहायचा नसतो. सातव्या नमुन्यातल्या नोंदी माणसावार गोळा केल्या की आठ-अ तयार होतो. गावच्या पिकांचा गोषवारा स्वतंत्रपणे लिहायचा नसतो; बाराव्याची बेरीज केली की तो तयार होतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे सातव्या नमुन्यात थेट खाडाखोड करायची नसते. जमीन विकली, वारस लागले, वाटणी झाली, तर आधी सहाव्या नमुन्यात फेरफार टाकायचा, संबंधितांना नोटीस द्यायची, चावडीवर लावायची, हरकतीला पंधरा दिवस द्यायचे, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा, आणि मगच सातव्यावरचे नाव बदलायचे. म्हणजे मूळ एका जागी आणि बाकीचे सारे त्याच्यावरून निपजलेले. ज्याला दुरुस्ती करायची असेल त्याने मुळाशी जावे. फांदीला कात्री लावू नये. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढे संगणकाची गोष्ट येईल तेव्हा ते कामी येणार आहे.

पण नमुना म्हणजे नुसती कारकुनी सोय आहे काय? तसे असते तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. रकाना माणसाचे नशीब घडवतो आणि बिघडवतोही. १९४८ चा मुंबईचा कूळकायदा आठवा. त्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने त्या जमिनीचा खरेदीदार मानला जाणार होता. आता प्रश्न असा की कोण कसत होता हे ठरवायचे कशावरून? जुन्या पीकपाहणीच्या नमुन्यात 'रीत' आणि 'जमीन करणाराचे नाव' असे रकाने असत. त्या रकान्यात ज्याचे नाव लागले होते, त्याच्या हाती पुरावा होता. ज्याने पंधरा वर्षे घाम गाळला पण ज्याचे नाव तोंडीच राहिले, त्याला तो घाम शाबीत करण्यासाठी साक्षीदार शोधावे लागले. एका रकान्याने एकाला मालक केले आणि रिकाम्या रकान्याने दुसऱ्याला कोर्टाची पायरी दाखवली.

बायकांच्या नावांचे पाहा. सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव लावायला नमुन्याची आडकाठी कधीच नव्हती. आडकाठी होती ती लिहिणाऱ्या-लिहवणाऱ्याच्या सवयीची. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली आणि नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा असे आवाहन केले. गावेच्या गावे त्यात पुढे आली. हा झाला रकाना तसाच ठेवून हात बदलण्याचा प्रकार. याच्या उलट २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने खुद्द रकानाच बदलला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव, असा क्रम ठरला. कधी नमुना माणसाच्या पुढे असतो, तर कधी माणसे पुढे जातात आणि नमुन्याला त्यांच्यामागे धावावे लागते.

आता संगणकाकडे येऊ. १८९० मध्ये अमेरिकेची जनगणना हॉलेरिथ यांच्या छिद्रांच्या पत्त्यांवर झाली. कोणत्या जागी छिद्र म्हणजे काय, हे आधीच ठरवलेले असे. म्हणजे तिथेही आधी नमुनाच. १९५९-६० मध्ये कोबोल नावाची संगणकाची भाषा निघाली. तिच्यात माहितीच्या वर्णनासाठी एक वेगळा विभागच राखून ठेवला होता. या रकान्यात किती आकडे, त्या रकान्यात किती अक्षरे, हे तिथे लिहायचे आणि करायची कामे दुसऱ्या विभागात लिहायची. १९७० मध्ये कॉड या गणितज्ञाने दाखवून दिले की माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, एक गोष्ट एकाच ठिकाणी ठेवावी आणि बाकीचे तक्ते त्यावरून काढावेत. आपला सातवा आणि आठ-अ आठवला ना?

तरी एक अडचण उरली. समजा तालुक्याच्या कचेरीतला संगणक एका भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो, बँकेतला दुसऱ्या भाषेत, आणि शेतकऱ्याच्या हातातला मोबाईल तिसऱ्या. तिघांनाही 'जमिनीची नोंद' म्हणजे काय ते कळायला हवे. तीन माणसांनी तीन ठिकाणी हाताने ते वर्णन लिहिले की कुठेतरी फरक पडतोच. एकाने क्षेत्र एकर धरले, दुसऱ्याने हेक्टर. पेशवाईतल्या गावोगावच्या बिघ्यांचीच ही गत झाली.

यावर उपाय निघाला तो असा. वर्णन एकदाच, कोणत्याही एका संगणकाच्या भाषेत न लिहिता, एका तटस्थ आराखड्याच्या भाषेत लिहायचे. १९८४ मध्ये दळणवळणाच्या यंत्रणांसाठी अशी एक भाषा प्रमाण ठरली; २००१ मध्ये एक्सएमएल स्कीमा आली; २००८ मध्ये गूगलने आपली प्रोटोकॉल बफर्स नावाची पद्धत सर्वांना खुली केली. नावे अनेक, गाभा एकच. वानगीदाखल आपल्या साध्या मराठीत असा आराखडा लिहून पाहू:

जमिनीची नोंद
१. गट क्रमांक: पूर्ण आकडा, आवश्यक
२. हिस्सा: अक्षरे, नसला तरी चालेल
३. क्षेत्र: आर या मापात आकडा, आवश्यक
४. खातेदार: नाव, एक किंवा अनेक
५. पीक: ठरलेल्या यादीतले एक, हंगामागणिक
६. इतर हक्क: मजकूर, नसले तरी चालेल

एवढे लिहून ते यंत्राला दिले की यंत्र त्यावरून कचेरीच्या प्रोग्रॅमचा सांगाडा त्या भाषेत, बँकेचा त्या भाषेत आणि मोबाईलचा तिसऱ्या भाषेत स्वतः लिहून देते. क्षेत्राच्या जागी कोणी नाव भरले तर अडवायचे कसे, गट क्रमांक रिकामा राहिला तर काय करायचे, तारेवरून ही नोंद पाठवताना तिची पुडी कशी बांधायची आणि पलीकडे कशी सोडायची, हेही त्यातच आले. याला म्हणतात आराखड्यावरून प्रोग्रॅम निपजवणे. व्याकरणाच्या शिक्षकांना हे चटकन समजेल. 'बस' हा धातू आणि काळाचे नियम दिले की बसतो, बसते, बसला, बसेल ही रूपे विद्यार्थी स्वतः तयार करतो. प्रत्येक रूप पाठ करावे लागत नाही. मात्र 'जा' चे 'गेला' होते, ते नियमात बसत नाही, वेगळे सांगावे लागते. संगणकातही तसेच. सांगाडा यंत्र लिहिते. अपवाद आणि विवेक माणसाला लिहावा लागतो.

या विद्येतले दोन दंडक ऐकण्यासारखे आहेत. पहिला: यंत्राने लिहिलेल्या प्रोग्रॅमवर हाताने खाडाखोड करायची नाही. चूक दिसली तर आराखड्यात दुरुस्त करायची आणि पुन्हा सारे निपजवून घ्यायचे. नाहीतर पुढच्या वेळी यंत्र नव्याने लिहील आणि तुमची दुरुस्ती वाहून जाईल. सातव्यावर थेट हात लावायचा नाही, सहाव्यातून यायचे, हाच तो नियम. दुसरा दंडक: रकान्याला एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या रकान्याला द्यायचा नाही. प्रोटोकॉल बफर्समध्ये नोंदीची पुडी रकान्याच्या नावाने बांधलेली नसते. ती क्रमांकाने बांधलेली असते. पाच नंबर काल पिकाचा आणि आज पाणीपट्टीचा असे केले तर जुने कागद नव्या डोळ्यांना भलतेच दिसतील. आपल्या मोजणीतही पंचेचाळीस नंबरचे दोन तुकडे झाले तर पंचेचाळीस-एक आणि पंचेचाळीस-दोन होतात. दुसऱ्या शेताला पंचेचाळीस नंबर कोणी देत नाही. १९४७ च्या तुकडेजोड कायद्यानंतर सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, तेव्हा जुना नंबर कोणता आणि नवा कोणता याचा मेळ घालणारी पत्रके करावी लागली. ते पत्रक नसते तर आजोबांची जमीन नातवाला सापडली नसती.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण इथे खरा घात होतो. जुन्या कागदावर क्षेत्र लिहिलेले असते १–२०. याचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजेच दीड एकर. आता अनभिज्ञ माणसाने हे संगणकात १.२० असे भरले तर संगणक ते एक पूर्णांक दोन दशांश समजणार. असे दोन तुकडे मिळवा. आपल्या हिशेबाने तीन एकर होतात. संगणक म्हणेल दोन पूर्णांक चार दशांश. चोवीस गुंठे हवेत विरले! चोर कोणी नाही, लाच कोणी घेतली नाही. रकान्याचा प्रकार कोणी नीट सांगितला नाही, एवढेच. पुढे एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले, आणि शंभर आरांचा एक हेक्टर असल्यामुळे तिथे दशांश चिन्ह बरोबर बसते. पण माप बदलले हे आराखड्यात सांगितलेले असले पाहिजे.

महाराष्ट्रात सातबारे संगणकावर आले ते एका दिवसात नव्हे. हस्तलिखित उतारे पाहून पाहून भरले गेले आणि भरताना चुका झाल्या. नावे तुटली, क्षेत्रे सरकली. तेव्हा संगणकातला उतारा आणि हाताने लिहिलेला उतारा ताडून पाहण्याचे मोठे काम झाले. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याचे चुकले असेल त्याने उठून सांगायचे, अशी ती रीत. मला या गोष्टीचे फार महत्त्व वाटते. एवढे मोठे यंत्र आणले, पण शेवटचा निवाडा चावडीच्या कट्ट्यावर बसलेल्या माणसांनी केला. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून, शेतात उभे राहून करावी अशी सोय झाली. ज्या रकान्यावर पूर्वी फक्त तलाठ्याची लेखणी चालत असे, तिथे शेतकऱ्याचे बोट पोहोचले.

मात्र हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की नमुना कितीही चोख असला तरी तो नोंदीच्या खरेपणाची हमी देत नाही. क्षेत्राच्या रकान्यात आकडाच आला पाहिजे, हे यंत्र पाहील. तो आकडा खरा आहे का, हे यंत्राला कळत नाही. शेतात ऊस आणि नोंदीत कांदा, असे झाले तर दोन्ही शब्द यादीतले असल्यामुळे यंत्र खुशाल मान डोलावील. आणि एका आराखड्यातून हजारो कागद निपजत असल्यामुळे मुळातली एक चूक हजारो ठिकाणी उमटते. पूर्वीच्या कुलकर्ण्याची चूक एका गावापुरती असे. आजच्या आराखड्याची चूक साऱ्या राज्याची असू शकते. म्हणून आराखडा करणाऱ्यांनी शेतकऱ्याला विचारल्याखेरीज रकाने ठरवू नयेत. मिश्र पीक घेणाऱ्याला 'ठरलेल्या यादीतले एक' हा रकाना अपुरा पडतो, हे त्याला विचारल्याशिवाय कसे समजणार?

तेव्हा श्रोतेहो, दोन कामे सुचवतो. शेतकरी बंधूभगिनींनी आपला सातबारा आणि आपला आठ-अ समोरासमोर ठेवून एकदा वाचावा. आठ-अ हा सातव्यावरूनच निघालेला असल्यामुळे दोहोंतले क्षेत्र आणि नावे जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी महसूल अधिनियमाच्या १५५ व्या कलमाखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. हंगामाची पीक नोंद पेरणीनंतर लगेच पाहावी; पूर येऊन गेल्यावर ती आठवण्यात अर्थ नाही.

शिक्षक मित्रांनी वर्गात एक प्रयोग करावा. मुलांना सांगावे, "गावातल्या विहिरींची नोंदवही करायची आहे, आधी रकाने ठरवा." कोणी खोली लिहील, कोणी मालकाचे नाव. मग विचारावे, खोली फुटात की मीटरमध्ये? दोन भावांची सामायिक विहीर असेल तर? उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात मोजायचे? दोन गटांना वेगवेगळी वही करू द्यावी आणि मग दोन्हींची बेरीज करायला सांगावे. ती होणार नाही. ती का झाली नाही, हे मुलांना उमगले की त्या तासाचे सार्थक झाले असे समजावे.